बी विंगमधल्या 'केअरटेकर अंकल'चं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
आपली गृहनिर्माण सोसायटी, तुंगार्ली, लोणावळा

विषय : सदनिका शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना देण्याबाबत, आणि हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे घेण्याबाबत.

महोदय,

मी बी-२ चा सभासद. तुम्ही मला सव्वीस-सत्तावीस वर्षं ओळखता, तरी माझी नवी ओळख आधी सांगतो. बी-६ ची जाहिरात एका अ‍ॅपवर आहे आणि तिच्याखाली राहून गेलेले लोक अभिप्राय लिहितात. नातीने ते मला मोबाईलवर दाखवले. एकाने लिहिलंय : घर स्वच्छ आहे, पाणी मधेच गेलं, पण खालचे केअरटेकर अंकल फार चांगले, रात्री एक वाजता गादी आणून दिली.

ते केअरटेकर अंकल म्हणजे मी.

गादी दिली हे खरं. बेल वाजली, दारात भिजलेला पोरगा उभा. म्हणाला, "अंकल, एक्स्ट्रा गादी मिळेल?" पाऊस धो धो, वर लहान मूल रडत होतं. मी आमच्या पाहुण्यांची गादी काढून दिली. रविवारी दुपारी ती जिन्यात ठेवलेली सापडली, एका बाजूने ओली. हिने ती आठ दिवस पंख्याखाली वाळवली आणि आठही दिवस मला ऐकवलं. त्या पोराचा मला राग नाही. त्याने पैसे भरले होते, त्याच्या दृष्टीने ही इमारत म्हणजे हॉटेल, आणि हॉटेलात तळमजल्यावर लुंगी नेसून बसलेला म्हातारा केअरटेकर नसेल तर कोण असेल?

पर्यटकांवर मी उठलोय असा कोणी समज करून घेऊ नये. माझी सगळी नोकरी रेल्वेत, कर्जतच्या बँकरवर, म्हणजे घाटात गाडीला मागून जोर देणाऱ्या इंजिनांवर गेली. कर्जतला गाडीच्या मागे इंजिनं लावायची, सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ, अठ्ठावीस किलोमीटर ढकलत वर आणायची, लोणावळ्याला सोडायची आणि परत खाली उतरायचं. म्हणजे आयुष्यभर मुंबईची माणसं मीच मागून ढकलून या गावात आणली. आता आली म्हणून कोणत्या तोंडाने तक्रार करू? माझा पुतण्या टायगर पॉइंटच्या फेऱ्या मारूनच घर चालवतो. या सदनिकांच्या चादरी धुणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या बायका आपल्या मागच्या वस्तीतल्याच आहेत आणि त्यांना पूर्वीपेक्षा चार पैसे जास्त मिळतात. आणि या गावात पाहुणे आज आलेले नाहीत. १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी वर आली तेव्हापासून येताहेत. भुशीचं धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं, तिथे आता लोक पायऱ्यांवर बसून भिजतात. भिजोत.

पण पूर्वी पाहुणा हॉटेलात उतरायचा, बंगल्यात उतरायचा, सॅनिटोरियममध्ये उतरायचा. २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण झाला, गाड्या वाढल्या, तरी आपल्या फाटकाच्या आत तो येत नव्हता. आता तो माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर उतरतो, दर शुक्रवारी नवा. हे असं व्हावं की नाही हे आपण कधी ठरवलंच नाही. एकही ठराव नाही, एकदाही चर्चा नाही. एकाने सुरू केलं, दुसऱ्याने पाहिलं, झालं.

आज काय परिस्थिती आहे ती मोजून सांगतो. आपल्या अठरा सदनिका. बाराही महिने घरात दिवा लागतो अशा सात. दोन बंद असतात, मालक दिवाळीत येतात. उरलेल्या नऊ पाहुण्यांच्या. त्या नवांत ए-४ आहे, जिथे शाळेतल्या बाई राहायच्या. अकरा महिन्यांचा करार, तीनदा नवा केलेला, भाडं वेळेवर. चौथ्यांदा मालकांनी नाही म्हटलं. त्यांचंही गणित सरळ होतं : बाई महिनाभरात देतात तेवढं पावसाळ्यात दोन शनिवारांत सुटतं. बाईंनी गावात दीड महिना घर शोधलं. जे मिळत होतं ते परवडत नव्हतं, जे परवडत होतं ते "फक्त वीकेंडला देतो" म्हणणाऱ्यांचं. शेवटी तळेगावला गेल्या, आता लोकलने येऊन-जाऊन करतात. लोणावळ्याच्या पोरांना शिकवणाऱ्या बाईंना लोणावळ्यात घर नाही. त्या गेल्यापासून गणपतीच्या आरतीला पेटी वाजवायला कोणी उरलं नाही. आपण मोबाईलवर आरती लावतो आणि मागून टाळ्या वाजवतो.

पाण्याचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात आपण ऐन जुलैत टँकर मागवतो. आपली टाकी अठरा कुटुंबांच्या हिशेबाने बांधलेली. एका सदनिकेत दहा-बारा जण, धबधब्यावरून चिखलात माखून येणार, दोनदा आंघोळ करणार, यात त्यांचा दोष नाही. पण त्या टँकरचं बिल अठरांत सारखं वाटलं जातं. मी आणि ही, दोघांच्या दोन बादल्या.

आता जे खरं सांगायचंय त्याकडे येतो. या जुलैतला तो रविवार तुम्ही गावात नव्हता, म्हणून सविस्तर लिहितो.

रात्री नऊच्या सुमारास बी-६ मधली एक मुलगी रडत खाली आली. अंगात ताप असल्यामुळे ती मागे राहिली होती. बाकीचे दुपारी दोनला दोन गाड्यांतून भुशीकडे गेले, ते आले नव्हते, आणि एकाचाही फोन लागत नव्हता. बाहेर पाऊस असा की समोरची विंग दिसत नव्हती. तुम्हाला २०२४ च्या जूनचा शेवटचा रविवार आठवत असेल. भुशीच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांचं चित्रण सगळ्या देशाने पाहिलं. आपण तर सगळे त्याच गावात राहतो. मला दुसरं काही सुचेना.

मी ११२ ला फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला : किती जण आहेत? मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली नऊ, मग म्हणाली दहा. नावं? तिला तिघांची माहीत होती, बाकीचे मैत्रिणीच्या भावाचे मित्र. गाड्यांचे नंबर? वॉचमनची वही उघडली. त्या तारखेला एकच ओळ : "बी-६, पाहुणे." वॉचमनला तरी काय विचारणार? किल्ली मीटरच्या खोलीत आकड्यांच्या डबीत असते, आकडे पाहुण्यांना फोनवर येतात, कोण आलं आणि किती आले हे कोणी पाहतच नाही. मालकांना फोन केला, बंद. किल्ल्या सांभाळणाऱ्या एजंटचा नंबर कोणाकडेच नव्हता. म्हणजे आपल्या इमारतीत दोन रात्री राहिलेली दहा माणसं (की नऊ) अख्ख्या इमारतीला अनोळखी होती.

साडेअकराला ते आले. वाहतूक तुंबली होती, फोनच्या बॅटऱ्या संपल्या होत्या, बाकी काही नाही. हसत हसत जिना चढले. मला म्हणाले, "सॉरी अंकल, आपको परेशानी हुई." हिने त्या मुलीला वरण-भात भरवला होता, ती झोपून गेली होती. मी मात्र रात्रभर जागा होतो.

म्हणून माझं म्हणणं असं. भाड्याने दिलेल्या घराचे नियम आपल्याला माहीत आहेत : करार नोंदवायचा, प्रत सोसायटीला द्यायची, पोलिसांना कळवायचं. पण दोन रात्रींच्या पाहुण्याचा करारच नाही, मग तो भाडेकरू की लॉजवरचं गिऱ्हाईक? पर्यटन खात्याच्या 'निवास व न्याहारी' योजनेतलं म्हणावं, तर त्याची मूळ कल्पना घरमालक त्याच घरात राहतो ही आहे. इथे मालक ठाण्यात. राहण्यासाठी दिलेल्या सदनिकेत हे चालतं का, याबद्दल समितीने सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. उत्तर यायला वेळ लागेल, तोवर निदान नोंद तरी सुरू व्हावी. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, फोन, गाडीचा नंबर वहीत, आणि ते लिहिल्याशिवाय किल्ली नाही. ती आकड्यांची डबी मीटरच्या खोलीतून काढा, किल्ली वॉचमनच्या हातून जाऊ द्या. मालकाचा आणि एजंटचा चालू नंबर फलकावर हवा. एका सदनिकेत किती माणसं, याला काही आकडा हवा. पाण्याला सदनिकेनुसार मीटर बसवावेत आणि टँकर ज्याचा त्याने भरावा. काही जण म्हणतात, त्यांच्यावर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर दुसऱ्याला देतो म्हणून सोसायटी घेते ते) चौपट लावा. ते होणार नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर जात नाही. उगाच चुकीची पावती फाडून आपणच अडकू.

सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते, म्हणून हे पत्र आजच देतो. मतदान झालं तर मी हरेन याची मला कल्पना आहे. नऊ आणि दोन अकरा, आम्ही सात. गेल्या सभेची आठवण करून देतो : गणपूर्तीला बारा लागत होते, आलो आपण सात, अर्धा तास समोसे खात थांबलो आणि मग तहकूब सभा त्याच सातांत उरकली. यंदा विषयपत्रिकेत हा विषय दिसला तर ठाण्याहून, पार्ल्याहून, पुण्याहून सगळे येतील. येऊ देत. निदान एकदा सगळे सभासद एकमेकांची तोंडं पाहतील.

एक अवघड गोष्ट, ती तोंडी बोलण्यापेक्षा लिहिलेली बरी. सी-१ तुमच्या मेहुण्यांची आहे आणि तीही त्या नवांत आहे. त्यांचं कर्ज आहे, हप्ता पाहुण्यांवर जातो, हे मला माहीत आहे आणि त्यात मी काही वावगं मानत नाही. पण त्या कारणाने हा विषय मागच्या वर्षीसारखा "इतर विषय, वेळ उरल्यास" मध्ये जाऊ नये. मागच्या वर्षी वेळ उरला नव्हता. समोसे उरले होते.

समितीत सध्या पाच जण आहेत, आणि पाचही जण त्या सातांतलेच. आपली सरासरी काढली तर सत्तरीच्या पुढे जाईल. बी-१ च्या काकू गेल्या तेव्हा रविवार होता. त्यांना उचलून न्यायला आपण चौघे कमी पडलो. वरच्या मजल्यावरची दोन पाहुणी पोरं न सांगता खाली आली आणि त्यांनी खांदा दिला. पोरं चांगली होती. काकूंचं नाव काय, हे त्यांनी नंतर मला विचारलं.

कळावे,
आपला विश्वासू,
सभासद, सदनिका बी-२

ता. क. बी-६ मधली ती मुलगी छत्री विसरून गेली आहे, निळी, दांडा वाकडा. माझ्याकडे आहे. मालकांचा फोन लागला तर कळवावं. माझ्याकडून अजून लागत नाही.