ग्राफ कुठून सुरू करायचा?

प्रिय लंब्या,

शिव्या नंतर दे, आधी ऐक. तब्येत ठीक, पाठ अधूनमधून कुरकुरते, ते सोड.

या उन्हाळ्यात माझ्या हाताखाली एक इंटर्न आहे. बीएस्सीचं दुसरं वर्ष. हो, मी कुणाचा तरी सीनियर झालोय, हसून घे. आठ आठवड्यांचं ट्रेनिंग, शेवटी पोस्टर. आपला निम्मा उन्हाळा काचसामान धुण्यात गेला, म्हणून हिला पहिल्यापासून खरं काम द्यायचं ठरवलं होतं. पेरोव्हस्काइटच्या, म्हणजे सोलर सेलमध्ये वापरतात त्या स्फटिकी पदार्थाच्या, पातळ फिल्म. लेड आयोडाइड आणि मिथाइलअमोनियम आयोडाइडचं द्रावण, स्पिन कोटर फिरत असताना नेमक्या सेकंदाला क्लोरोबेंझिन सोडायचं, मग 100 अंशांची हॉटप्लेट. तो सेकंद माझा अजून चुकतो, तिचा हात लगेच बसला. तोंड दिसेल अशी काळीभोर फिल्म.

आता घोळ. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) 14.1 अंशांवर पेरोव्हस्काइटचा पीक, म्हणजे ग्राफमधला सुळका, झकास, पण शेजारी 12.7 ला लेड आयोडाइडचा बारका पीक. मी म्हटलं, रिअ‍ॅक्शन पुरी झाली नसेल. पोरीनं काय करावं? तीच फिल्म उघडी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनवर लावली. 12.7 चा वाढलेला, 14.1 चा उतरलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. म्हणजे निदान ही वाढ तरी अर्धवट रिअ‍ॅक्शनची नाही, हवेतला दमटपणा फिल्म खातोय. हे करून बघ असं तिला कुणीही सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच.

सरांनी पोस्टर पाहिलं आणि म्हणाले, "ग्राफ 13 पासून सुरू कर, सुटसुटीत दिसेल." बस. एकही आकडा खोटा नाही, फक्त अक्ष कापायचा, म्हणजे 12.7 चा पीक दिसणारच नाही. तिनं वहीत '13 ते 50' लिहून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

तुलाच का लिहितोय ते कळलं असेल. तुझा तो लाडका पॉइंट! रेषेवर न बसणारा! तू काढू देईनास, वर अबोला धरलास. मी अजूनही म्हणतो, तो काढायलाच हवा होता, क्युव्हेटला, नमुन्याच्या त्या पारदर्शक डबीला, चरा होता रे! कारण माहीत असेल आणि ते लिहून ठेवलं तर पॉइंट खुशाल काढावा. इथे कारण माहीत आहे आणि नेमकं तेच झाकायचंय.

सरांची बाजूही आहे. थोडं जास्तीचं लेड आयोडाइड मुद्दाम ठेवणारे लोक आहेत, कणांच्या सीमांवरचे दोष त्यानं झाकले जातात. मग तसं लिहा ना! 2009 मध्ये मियासाकांच्या गटाचा पेरोव्हस्काइट सोलर सेल 3.8 टक्के कार्यक्षमतेचा होता, आज 25 च्या वर गेलेत. घोडं अडलंय ते टिकण्यापाशीच. या पोरीला सुट्टीत नेमका तोच प्रश्न सापडला आणि आम्ही तो कात्रीनं उडवतोय.

आता तू पर्किन या केमिस्टची गोष्ट काढशील. 1856, ईस्टरची सुट्टी, अठरा वर्षांचं पोर क्विनीन करायला गेलं आणि जांभळा रंग घेऊन आलं. बीकरमध्ये काळा राडा झाला की तुझा हाच मंत्र. पण पर्किनला रेकमेंडेशन लेटर नको होतं. हिला हवंय, आणि सरांचंच.

मला वाटतं, दोन्ही दिवसांचे ग्राफ 10 पासून शेजारी शेजारी लावावेत आणि पोस्टरचं शीर्षकच बदलावं. सरांशी मी बोलायचं, तिला मध्ये न घालता. पण माझा थीसिसही त्यांच्याच टेबलावर पडलाय. काल केबिनच्या दारापर्यंत गेलो आणि प्रिंटरचा कागद संपलाय एवढंच सांगून परत आलो.

तुझं काय? नवं घर लागलं का? पिल्लू चालायला लागलं? आणि क्वालिटी कंट्रोलमध्ये "हा आकडा जरा बघा ना" म्हणणारे तुला रोजच भेटत असतील, त्यांना तू काय सांगतोस ते नीट सांग, मला कामाला येईल.

पोस्टर शुक्रवारी छापायला जातंय. त्याआधी फोन कर. रात्री दहानंतर, दिवसा सर शेजारीच असतात.

तुझाच