मालवणच्या पाण्याखालचं अभयारण्य: वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मालवणच्या धक्क्यावर कुठल्याही गाईडला गाठा. सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यावर, म्हणजे खडकावर, १६६४ साली झालेलं पूजन, तटाच्या पायात ओतलेलं शिसं, महाराजांच्या हातापायाचे ठसे, सगळं तोंडपाठ. पण किल्ल्याकडे जाणारी होडी ज्या पाण्यातून चालते ते १३ एप्रिल १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे होडीतल्या क्वचितच कुणाला ठाऊक असतं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यात सिंधुदुर्ग, पद्मगड आणि आसपासची खडपं मिळून तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा. ताडोब्यात शिरणाऱ्याला आपण कुणाच्या घरी आलोय ते कळतं. इथे माणूस ‘स्कुबा केलं’ एवढंच सांगत घरी जातो.

खरं तर किल्ल्याची गोष्ट आणि पाण्याखालची गोष्ट वेगळ्या नाहीतच. ज्या बुडीत खडपांमुळे परकं जहाज किल्ल्याजवळ यायला कचरायचं, त्यांच्याच अंगावर प्रवाळ वाढतं. हे प्रवाळ टीव्हीवर दिसतं तसं लालजांभळं नाही. तपकिरी, हिरवट, वर वळ्यावळ्यांची नक्षी. नवख्याला दगडच वाटावा. म्हणून तर तोंडातली नळी नीट करायला पर्यटक बिनधास्त त्यावर पाय रोवतो. यातल्या काही जाती वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. घमेल्याएवढा गड्डा होडीच्या नांगराने फुटला तर पुन्हा तेवढा व्हायला एक पिढी जाते. फोटोत मासे गोळा व्हावेत म्हणून कुस्करून टाकलेला पाव, तो वेगळाच. कायद्याने वाघ आणि हे प्रवाळ एकाच अनुसूचीत, म्हणजे संरक्षणाच्या एकाच यादीत, बसतात, पण ते सांगायचं कुणी?

दंडाच्या पाट्या ठोकून हे सुटणार नाही. अभयारण्याचं नाव काढलं की मालवणात आजही कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यात लोकांचं काही चुकत नाही. किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्या रापणकराच्या मनात सुरुवातीपासून एकच धास्ती आहे, उद्या दर्याच बंद करतील. पर्ससीनची मोठी वेढाजाळी टाकणारे आणि एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करणारे मासळी उपसून नेतात, नियम मात्र किनाऱ्यावरच्या गरिबाला, हे तो उघड्या डोळ्यांनी बघतो. समुद्र अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपायचं, असं वन्यजीव संरक्षण कायद्यातच लिहिलंय. ते त्याला कुणी बसून समजावलेलं नाही.

विश्वास टाकला की काय होतं, याचं उदाहरण सरकारच्याच दप्तरात आहे. जाळ्यात अडकलेलं कासव किंवा व्हेल शार्क जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २०१८ च्या अखेरीपासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. पुरावा म्हणून फोटो-व्हिडिओ तोच काढून देतो. प्रत्येक होडीवर पहारेकरी बसवायचा म्हटलं तर सरकारला परवडलं असतं का?

तेव्हा मागणं असं. जिथे स्नॉर्कलिंग चालतं तिथे होड्या बांधायला कायमच्या तरंगत्या बोया टाका, म्हणजे खडपात नांगर टाकायची वेळच येणार नाही. खर्चाच्या मानाने याइतका फायदा दुसऱ्या कशाचा नाही, आणि घोषणा करायलाही बरं. पावसाळ्यात किल्ल्याची होडीवाहतूक बंद असते. त्या दिवसांत गाईड आणि होडीवाल्यांना पाण्याखालचं शिकवा, आणि शिकायला येईल त्याला दिवसाची मजुरी द्या. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहेच, नवी इमारत बांधायची गरज नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, वन्यजीव संरक्षण कायद्याच्याच कलम ३३ब मध्ये अभयारण्यासाठी सल्लागार समितीची तरतूद आहे. तिच्यात रापणकर, होडीवाला आणि गाईड यांना बसवा. निमंत्रित म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर नको, सदस्य म्हणून. बैठका मालवणातच घ्या. इतिवृत्त साध्या मराठीत बंदरावर लावा. गाभ्यात कुठे काय चालेल आणि काय नाही, हे त्यांच्या तोंडून ठरलं तर पाळलंही जाईल, आणि पर्यटकाने प्रवाळावर पाय ठेवला तर पहिला आवाज होडीवालाच देईल.

पहिल्या बैठकीसाठी नारळी पौर्णिमेचा मुहूर्त बरा, त्या सुमाराला सगळे गावात असतात. फक्त ती दुसऱ्या दिवशी ठेवा. सणाच्या दिवशी ठेवलीत तर एकटेच बसाल.

आपला,
एक मालवणकर