अर्धी माफी

पुणे,
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मधू,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुझे दोन फोन येऊन गेले. मी एकही उचलला नाही, मग उलट फोन करण्याची लाज वाटू लागली, आणि थकलेल्या उधारीप्रमाणे ती दर आठवड्याला वाढतच गेली. आज लिहितो आहे ते मात्र केवळ त्या लाजेपोटी नव्हे. डिसेंबरात एक प्रकार घडला. इथे चार जणांना सांगून पाहिला, तर चौघांनीही 'किती पैसे गेले?' एवढेच विचारले. तू तसे विचारणार नाहीस, कारण वाईच्या त्या कॅसेटचा माझ्याखेरीज तूच एक साक्षीदार आहेस. प्रकृतीचे म्हणशील तर माझी साखर आटोक्यात आहे आणि हिचा गुडघा होता तसाच आहे.

आठ डिसेंबरला साताऱ्याहून परतताना शिरवळपाशी चहासाठी सर्व्हिस रोडला वळलो. माझी गाडी उभी होती, इंजिनही बंद केलेले नव्हते, तेवढ्यात पुढचा टेम्पो मागे आला आणि माझ्या बॉनेटवर बसला. चालक खाली उतरला तोच 'मागून ठोकलंत' असे म्हणत. मागून ठोकणारा दोषी, हे गणित आपल्याकडच्या गर्दीला पाठ असते, त्यामुळे दोन मिनिटांत दहा माणसे त्याच्या बाजूला उभी राहिली. मी अगदी शांत होतो. पत्त्यांच्या डावात हुकुमाचा एक्का हाती असणाऱ्याला जी शांतता येते ती मला आली होती. काचेवरच्या डॅशकॅमकडे, म्हणजे समोरचा रस्ता सतत टिपणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याकडे, बोट दाखवून मी म्हणालो, "यात सगळं आलेलं आहे. चला चौकीत."

चौकीतल्या संगणकात त्यातले मेमरी कार्ड घातले. शेवटची फाइल होती २१ नोव्हेंबरची, म्हणजे सतरा दिवसांपूर्वीची, पहाटे दोन चाळीसची. तिच्यात आमच्या सोसायटीचे पार्किंग दिसत होते आणि बॉनेटवर एक मांजर झोपले होते. हवालदारांनी मिनिटभर ते मांजर नीट पाहिले आणि म्हणाले, "मांजर चांगलं आहे तुमचं." मधू, ते मांजर माझे नाही! तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाचे आहे. शेवटी टेम्पोच्या मागच्या दिव्यांचे आणि पत्र्याचे आठ हजार रुपये मी तिथेच मोजून दिले.

पैशांचे दुःख चार दिवसांत गेले. गेले नाही ते दुसरेच. त्या सतरा दिवसांत मी रोज गाडी चालवली होती आणि रोज कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकताना पाहिला होता. मग कार्डात काहीच कसे नाही? तुला ठाऊक आहे, असा किडा एकदा डोक्यात शिरला की मला जेवण गोड लागत नाही.

प्रथम संशय घेतला तो कार्ड ज्यात बसवून लॅपटॉपला लावतात त्या अडॅप्टरच्या बाजूला असलेल्या कुलुपाच्या पट्टीचा, कारण ती खाली सरकली तर लॅपटॉपवरून कार्डात काही लिहिता येत नाही. पट्टी वर होती. मग सर्व फाइली पुसल्या. त्या पुसल्याही गेल्या. कार्ड बाहेर काढून पुन्हा घातले, तर सगळ्या फाइली जागच्या जागी, मांजरासह! दोनदा फॉरमॅट केले. दोन्ही वेळा 'फॉरमॅट झाले' असा निरोप आला आणि दोन्ही वेळा मांजर परत आले. ही म्हणतच होती की शांती करून घ्या.

त्याचा उलगडा असा आहे. या कार्डातला प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. शाळेची पाटी कितीही वेळा पुसावी, पण वहीचे पान खोडरबराने खोडत राहिले तर एके दिवशी ते फाटतेच, आणि कार्ड हे पाटीसारखे दिसत असले तरी वहीच्या जातीचे आहे. साध्या कार्डात ही मर्यादा काहीशे ते हजार-दोन हजार वेळा एवढी असते. खराब कप्प्यांच्या जागी वापरायला काही राखीव कप्पे ठेवलेले असतात; तेही संपले की कार्डातला नियंत्रक, म्हणजे त्याचा कारभार पाहणारी चिप, पुष्कळदा लिहिणेच बंद करतो, म्हणजे निदान जुने तरी वाचता यावे. कॅमेरा लिहायला देत राहतो आणि कार्ड ते मुकाट्याने टाकून देते.

आता माझा हिशेब पाहा. माझ्या कॅमेऱ्याचे चित्र मिनिटाला साधारण ११० एमबी जागा खाते, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड साडेनऊ तासांत भरते आणि मग सर्वांत जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी लिहिली जाते. नुसता गाडी चालवण्यापुरता तो चालला असता तर एक फेरा चार-पाच दिवसांनी झाला असता. पण दीड वर्षापूर्वी कोणीतरी गाडीवर किल्लीने ओरखडा काढला. चोर पकडायचाच या ईर्षेने मी कॅमेऱ्याची वायर थेट फ्यूजबॉक्सला जोडून घेतली आणि त्याला रात्रंदिवस जागा ठेवला. दिवसाला दोन फेरे धरले तरी चौदा महिन्यांत आठशेच्या वर फेरे झाले. ओरखडेवाला सापडला नाही. त्या मांजराच्या झोपेची नोंद ठेवण्यात कार्डाचा जीव गेला. विकत घेताना मी वेष्टनावरचा वेगाचा आकडा तेवढा पाहिला होता. सेकंदाला ३० एमबी लिहिणारे कार्ड घेतले आणि कॅमेऱ्याला लागतात जेमतेम दोन. किती वेळा लिहू शकते, हे विचारायचे सुचलेच नाही.

दुसरे कार्ड १२८ जीबीचे घेतले, फारच स्वस्त मिळाले म्हणून. या वेळी शहाणपणा करून ते एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या जर्मन प्रोग्रॅमने तपासले. हा प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरतो आणि मग लिहिलेले सगळे परत वाचून पाहतो. रात्रभर चालल्यावर सकाळी निकाल आला: खरी जागा २९ जीबी, बाकी नुसते लेबल. दुकानदार म्हणाला, "साहेब, चालतंय की." चालतच होते, तीच तर फसवणूक होती. तिसऱ्या वेळी मात्र 'हाय एन्ड्युरन्स' असे लिहिलेले, सतत पुसण्या-लिहिण्यासाठीच बनवलेले कार्ड घेतले. पुष्कळ कंपन्या डॅशकॅममध्ये घातलेल्या साध्या कार्डाला हमीच देत नाहीत, हेही तेव्हाच बारीक अक्षरांत वाचले.

एवढे करूनही प्रत्येक प्रवासाची शेवटची फाइल उघडेना. कॅमेरा काचेवरून काढून हातात घेतला, तर त्याची पाठ पुरीसारखी टम्म फुगलेली. आतली छोटी लिथियम बॅटरी दोन उन्हाळ्यांत भाजून निघाली होती. इंजिन बंद झाल्यावर चालू फाइल नीट मिटण्यापुरती दोन-चार सेकंदांची वीज पुरवणे एवढेच तिचे काम होते आणि तेवढेही तिच्याने होत नव्हते. या फाइलींची अनुक्रमणिका सर्वांत शेवटी लिहिली जाते. वीज आधीच गेली तर पाने सगळी छापलेली असतात, पण कोणते कुठे ते कळत नाही. त्याच कॅमेऱ्यातली एखादी शाबूत फाइल नमुन्याला धरून अशी तुटकी फाइल जुळवणारे प्रोग्रॅम आहेत. मी तिनांतली एक जुळवली. पण विचार कर, मोठ्या अपघातात पहिल्याच झटक्याला वायर तुटू शकते, म्हणजे जी फाइल हवी नेमकी तीच जाते! आता बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे क्षणभराची वीज साठवणारा आणि उष्णता अधिक सोसणारा भाग, असलेला कॅमेरा घेतला आहे आणि फाइल तीन मिनिटांऐवजी एक मिनिटाची ठेवली आहे, म्हणजे तुटली तरी मिनिटभराचेच जाईल.

नाना वकिलाला हे सगळे सांगितले, तर तो म्हणाला की रेकॉर्डिंग असते तरी कोर्टात नुसती प्रत दाखवून भागले नसते. जालन्याच्या निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले की प्रत द्यायची तर ती कशी काढली याचा दाखला हवाच; मूळ उपकरण मालकाने स्वतः हजर करून शाबीत केले तर गोष्ट वेगळी. जुलै २०२४ पासूनच्या नव्या पुरावा कायद्यात तो दाखला कलम ६३ खाली येतो आणि त्यात फाइलची हॅश किंमतही, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा, लिहावी लागते. म्हणून अपघात झाला की कार्ड तत्काळ काढून पाकिटात ठेवायचे आणि पुन्हा कॅमेऱ्यात घालायचे नाही. नानाने याची फी घेतली नाही, पण दोन पोह्यांच्या बशा संपवल्या.

आता खरे ते लिहितो. नव्या कॅमेऱ्याचे माहितीपत्रक वाचताना कळले की जुन्या कॅमेऱ्यावरचा तो लाल दिवा कॅमेरा चालू असल्याचा होता, रेकॉर्डिंग चालू असल्याचा नव्हता. कार्ड बिघडल्याचे तो बोलून सांगत असे आणि पडद्यावर लिहीतही असे. त्यातल्या बाईचे इंग्रजी हिला खपत नव्हते म्हणून आवाज मी शून्यावर नेला होता, आणि रात्री डोळ्यांवर येतो म्हणून पडदा मिनिटभराने विझेल असे केले होते. म्हणजे तो सतरा दिवस बोंबलत होता आणि त्याचे तोंड मीच दाबून ठेवले होते.

मधू, वाईला सुमनताईच्या लग्नात, १९९४ साली, भाड्याच्या व्हीएचएस कॅमेऱ्यात मंगलाष्टके आली नाहीत. आले ते वीस मिनिटे मांडवाचे खांब, जमीन आणि तुझ्या चपला. तू बटण दाबले नाहीस असे मी साऱ्या पंगतीत सांगितले, आणि 'मी दाबलं होतं' असे तू आजवर म्हणत आलास. तू दाबले होतेस. तू कॅमेरा खांद्यावर घेण्याच्या आधी मीही ते दाबले होते, आणि दुसऱ्यांदा दाबले की ते थांबते. हे मला त्याच रात्री कळले होते. एकतीस वर्षे मी गप्प राहिलो. अर्धी माफी मागतो. उरलेली अर्धी मागणार नाही, कारण व्ह्यूफाइंडरमधला लाल ठिपका तूही पाहिला नाहीस.

आमची मुक्ता एप्रिलपासून रोज एकटी तळेगावला गाडी नेणार आहे. हे ठरल्यापासून दर रविवारी मी कार्ड काढून शेवटची फाइल चालवून पाहतो आणि तरीही सोमवारी त्या दिव्यावर विश्वास बसत नाही. तुझ्याही गाडीत असा कॅमेरा आहे. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत काय होते ते मी तुला सांगायला नको. त्याची पाठ हाताने चाचपून पाहा.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिन्मयचे काही ठरले का? वहिनींना नमस्कार. सविस्तर लिही.

तुझा,
अण्णा

ता. क. — सुमनताईला यातले काही कळवू नकोस. कॅसेटच्या बाबतीत ती अजून मलाच खरा मानते.