प्रशिक्षकाने गॅलरीचे किती ऐकावे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल... कोल्हापुरात फुटबॉलचा सामना कोणत्याही तालमीचा, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या संघाचा असो, शाहू स्टेडियमची गॅलरी भरली की पहिल्या दहा मिनिटांतच 'त्याला काढ, ह्याला घाल' सुरू होते. हरल्यावर रात्री मोबाईलच्या स्टेटसवर शिव्या. प्रशिक्षक बहुधा त्याच पेठेत राहणारा, त्याच तालमीत घडलेला माजी खेळाडू असतो. सकाळी दूध आणायला बाहेर पडला तरी चौकात जाब द्यावा लागतो. या दबावाखाली नेमके काय बिघडते, यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही.

सर्वांत महागात पडते ती ओरडा ऐकून केलेली बदली. जिथे पाच बदल्यांची मुभा असते, तिथेही चालू खेळात त्या करायला तीनच संधी मिळतात. मध्यंतरातली बदली त्यात धरत नाहीत. विसाव्या मिनिटाला गोल बसला म्हणून बचावपटू काढून पेठेचा लाडका स्ट्रायकर आत घातला, की एक संधी संपली आणि मागची फळीही उघडी पडली. म्हणून बदल्या सामन्याआधी कागदावर लिहाव्यात. साठाव्या मिनिटाला पिछाडीवर असलो तर कोण, आघाडीवर असलो तर कोण, गोलरक्षक जखमी झाला तर कोण. कागद सहायकाच्या खिशात राहू दे. गॅलरी पेटली की आधी तो कागद बघायचा.

गॅलरी दरवेळी चुकते असे मात्र नाही. लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, चढाईला गेल्यावर त्याच्या मागे किती जागा मोकळी राहते, हे बेंचवरून कळत नाही. वरच्या पायरीवरून लख्ख दिसते. आपला एक जाणता माणूस वही घेऊन तिथे बसवावा आणि मध्यंतरात त्याच्याकडून दोनच मुद्दे घ्यावेत. मध्यंतर जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचे. त्यातली पहिली तीन-चार मिनिटे पोरांना पाणी पिऊन श्वास घेऊ द्यावा. त्या वेळी मंडळाचे पदाधिकारी आत शिरून ओरडतात, ते आधी थांबले पाहिजे.

बेंचवरच्या माणसांनाही आवरावे लागते. २०१९ पासून पंच प्रशिक्षक आणि सहायकांनाही पिवळे-लाल कार्ड दाखवू शकतात. गैरवर्तन नक्की कुणी केले हे पंचांना कळले नाही, तर तिथे असलेल्या वरिष्ठ प्रशिक्षकाला कार्ड मिळते. म्हणजे गॅलरीच्या तालावर बेंचवरून कुणीतरी शिवी हासडतो आणि निस्तरावे लागते प्रशिक्षकाला.

टायब्रेकरची, म्हणजे बरोबरी सुटली नाही की निकालासाठी घेतल्या जाणाऱ्या पेनल्टी किकची, तयारी तर फारच थोडे संघ करतात. खेळ संपताना जे मैदानात असतात त्यांनाच किक घेता येते, हे शेवटच्या बदलीच्या वेळी ध्यानात ठेवावे. किकचा क्रम सरावातच ठरवावा. ऐनवेळी 'कोण घेणार?' विचारले की पोरे खाली बघतात, आणि गॅलरीतून नाव पुकारले गेलेला पोरगा थरथरत पुढे जातो. त्याची किक हुकली, तर प्रशिक्षकाने सर्वांसमोर त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाहेर आणावे आणि घरापर्यंत सोबत कुणीतरी द्यावे. रात्रीचे स्टेटस त्या पोराच्या आईलाही दिसतात.

हरल्यानंतर चोवीस तास प्रशिक्षकाने कुणालाही खुलासा देऊ नये, ग्रुपवर तर नाहीच. आधी सामन्याचे चित्रीकरण एकदा आवाज बंद करून पाहावे. आवाज चालू असला की आपणही गॅलरीच्या डोळ्यांनीच बघतो.

मंडळांना एक कळकळीची विनंती. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालमीत अर्धा तास ठरवून ठेवा. ज्याला टीका करायची आहे त्याने तिथे येऊन प्रशिक्षकासमोर बोलावे, चित्रीकरण दाखवून बोलावे. आणि हंगामाच्या मधोमध, एका पराभवावरून प्रशिक्षक बदलू नका. नव्या माणसाला पोरांची नावे आणि जागा कळेपर्यंत स्पर्धा संपलेली असते.

आपला,
एक फुटबॉल प्रशिक्षक, कोल्हापूर