किरणांआधी द्रव कोरडा करा

मा. संपादक,

गॅमा किरणांच्या साहाय्याने आयनिक द्रवात (साध्या तापमानालाही पातळ राहणाऱ्या, निव्वळ आयनांच्या क्षारात) धातूचे नॅनोकण बनवण्याविषयीचा आपल्या विज्ञान पानावरचा लेख वाचला. पद्धत खरोखर चांगली आहे. बोरोहायड्राइडसारखे क्षपणक, म्हणजे धातूच्या आयनांना इलेक्ट्रॉन देणारे रसायन, घालावे लागत नाही. किरणांमुळे सुटलेले इलेक्ट्रॉनच ते काम करतात. (कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी नमुना किरणोत्सर्गी होत नाही, हेही लेखात यायला हवे होते.) पण बाटली गॅमा किरणांच्या चेंबरमध्ये ठेवली की काम फत्ते, हा सूर पटला नाही. किरण देणे हा यातला सर्वांत सोपा भाग.

खरी गोम पाण्यात आहे. हे द्रव हवेतली वाफ शोषतात आणि मुंबईच्या पावसाळ्यात तर झाकण उघडायचीच खोटी. हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हा ऋण आयन असलेला ओला द्रव तापवला तर हायड्रोजन फ्लुओराइड सुटतो, बाटलीची काचही खातो. म्हणून निर्वात पंप आधी साध्या तापमानाला लावावा, मगच ६०-७० अंशांवर रात्रभर वाळवावे आणि उरलेले पाणी कार्ल फिशर अनुमापनाने मोजावे. द्रव बनवताना उरलेला क्लोराइडही तपासावा, नाहीतर चांदीचे आयन घालताच पांढरा गढूळपणा येतो. तो सिल्व्हर क्लोराइड, नॅनोकण नव्हेत.

ऑक्सिजन इलेक्ट्रॉन पळवतो, म्हणून आरगॉन सोडतात. पण हेक्साफ्लुओरोफॉस्फेटचा असा द्रव पाण्याच्या दोनशे पटींहून अधिक चिकट. पाण्याला पुरणारी दहा मिनिटे इथे पुरत नाहीत, ढवळत राहावे लागते.

किरणांच्या मात्रेचा हिशेबही पाण्यावरून उचलू नये. आयसोप्रोपेनॉल घातलेल्या पाण्यात दर ज्यूलला सुमारे ०.६ मायक्रोमोल क्षपण होते. सोन्याच्या त्रिसंयुजी आयनाला तीन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे लिटरला १ मिलीमोल सोन्यासाठी किमान ५ किलोग्रे (किलोला ५ हजार ज्यूल). इमिडॅझोलियम हा धन आयन असलेल्या आयनिक द्रवात तो आयन स्वतःच इलेक्ट्रॉन गिळतो, त्यामुळे हा आकडा तिथे लागू नाही. शिवाय कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे, चेंबरच्या जुन्या दाखल्यावरचा मात्रादर महिन्याला साधारण एक टक्क्याने घटवूनच वापरावा.

आणखी एक. किरणांनी हा द्रव स्वतःच पिवळा-तपकिरी पडतो. सोन्याच्या कणांचे प्रकाशशोषण ५२० नॅनोमीटरच्या आसपास असल्याने ते त्यातून ओळखता येते. चांदीचे ४०० जवळ, तिथे हमखास फसगत. धातू न घातलेली, तितकीच मात्रा दिलेली कोरी बाटली शेजारी नसेल, तर असे पिवळे छायाचित्र चांदीचे कण म्हणून छापू नये, ही विनंती.

— एक रसायनशास्त्रज्ञ, चेंबूर, मुंबई