४६ मीटर आणि ४६ माणसं

प्रिय बंड्या,

फोटो बघितला रे. लिबर्टीच्या पुतळ्यापुढं गॉगल लावून उभायस, मागं ती बाई आणि पुढं तुझं पोट, दोन्ही झकास. काकूंना दाखवला तर म्हणाल्या, किती वाळलाय बघ पोरगा. आता काय बोलायचं!

पण मला सांग, तिच्या पायाशी तुटलेली बेडी आहे ती बघितलीस का? खालनं नीट दिसत नाही म्हणे. फ्रेंचांनी दिलेला पुतळा, १८८६ साली उभा राहिला, आणि तिकडची गुलामी संपली हेही त्या कल्पनेत होतं, पण जो तो मशालीचाच फोटो काढतो. ते वाचता वाचता कळलं की खालचा चौथरा सोडला तर पुतळा ४६ मीटर. आणि मी थांबलोच लेका. तुझ्या गावातनं, साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातनं, पहिल्या महायुद्धात गेलेले जवान किती? ४६. योगायोग आहे, त्यात काही अर्थबिर्थ नाही, पण डोक्यातनं जाईना म्हणून रविवारी गाडीला किक मारली आणि तुझ्या गावाला गेलो.

भरतीची पोरं नुकतीच पळून आलेली, घामानं भिजलेले टीशर्ट शेजारच्या कठड्यावर वाळत टाकलेले, एकजण मोबाईलवर स्वतःचं टायमिंग बघून स्वतःलाच शिव्या देत होता. आणि बाजूला ते इंग्रजांनी बांधलेलं स्मारक. त्या काळात असल्या पाट्या बऱ्याच गावांत बसवल्या, इतके गेले, इतके कामी आले, संपलं. आकडा असतो, नावं नसतात.

आता गंमत बघ. त्याच सरकारच्या पोलिसांनी ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला मोर्चावर गोळ्या घातल्या, परशुराम घार्गे झेंडा घेऊन पुढं होते, नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूर, तेव्हा तेही सातारा जिल्ह्यातच, तिथं पंड्या नावाचे किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर आणि विष्णू बारपटे गोळीबारात गेले. आमचे आजोबा वडूजच्या मोर्चात होते, सतरा वर्षांचे, चपलेचा अंगठा तुटला म्हणून मागं राहिले. आम्ही पोरं विचारायचो, मग चप्पल शिवली का, तर ते काही बोलायचे नाहीत, उठून गोठ्यात जायचे. म्हणजे तुझा पणजा इंग्रजांच्या बाजूनं मेला आणि माझा आजा इंग्रजांच्या गोळीतनं वाचला, आणि आपण दोघं एका डब्यातली चपाती खाऊन वाढलो.

येताना वाटेतल्या एका गावात हुतात्मा स्मारक लागलं, ऐंशीच्या दशकात सरकारनं गावोगाव बांधली त्यातलं. कुलूप. चावी पाणी सोडणाऱ्या माणसाकडं आणि तो लग्नाला गेलेला. खिडकीतनं डोकावलो तर आत मांडवाच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या, बहुतेक त्याच लग्नाच्या उरलेल्या. मला राग यायला पाहिजे होता, पण हसूच आलं, मग राग आला. नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळाही मी बघून आलोय, लिफ्टनं छातीपर्यंत गेलो, भारी वाटलं, खरंच भारी वाटलं, पण तिथं मान वर करायची असते. कुणाचं नाव वाचायला खाली वाकायला लागत नाही.

तर मुद्दा असा की तुमच्या माळ्यावर ती पत्र्याची पेटी आहे ना, तिच्यात पणज्याचं मेडल असणार, लहानपणी आपण त्यानं छापा-काटा करायचो, एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. तसल्या मेडलच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरात नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते, हे मला आत्ता कळलं. काकूंचे गुडघे दुखतात, त्यांना शिडीवर चढवू नको म्हणून मीच शनिवारी जातोय. जाताना भिंग घेऊन जातो. तू फक्त त्यांना फोन करून ठेव, नाहीतर म्हणतील हा माळ्यावर काय चोरायला आला.

तुझा,
सच्या