एकाच नावाची दोन पुस्तकं

कोपनहेगन

ती. अण्णांस,
शि. सा. न.

डॅनिश कवी-पाद्री ग्रुंटवीचं (लिहिताना शेवटी 'ग' असतो, बोलताना गिळतात) 'नॉर्डेन्स मिटोलोगी', म्हणजे उत्तरेकडच्या जुन्या देवकथांवरचं पुस्तक, मागवण्याआधी साल बघा. १८०८ चं एक आहे आणि १८३२ चं एक. दुसऱ्यावर 'सुधारित दुसरी आवृत्ती' असं छापलंय, तिथेच लोक फसतात. ते सबंध नवं पुस्तक आहे.

१८०८ मध्ये तो ऐन पंचविशीत, जर्मन विचारवंत शेलिंगच्या तत्त्वज्ञानाने भारलेला. आइसलँडच्या स्नोरीने तेराव्या शतकात याच कथा गद्यात सांगितल्या; त्यापेक्षा एड्डातली (जुन्या आइसलँडी देव-वीरकाव्यांचा संग्रह) जुनी कवनं त्याला खरी वाटतात. ती जोडून तो देव आणि राक्षसांची एकच शोकांतिका उभी करतो, शेवट रॅग्नारोकच्या प्रलयात. १८१० च्या अखेरीस त्याचं मन कोसळलं. पुढच्या वर्षी तो वडिलांच्या हाताखाली पाद्री झाला आणि जुने देव बाजूला पडले. भाषा मात्र सुटली नाही: लॅटिनमध्ये लिहिणारा डॅनिश इतिहासकार सॅक्सो, स्नोरी आणि १८२० मध्ये 'बेओवुल्फ' हे जुनं इंग्रजी वीरकाव्य, सगळ्यांची डॅनिश भाषांतरं त्याने याच मधल्या काळात केली.

१८३२ च्या नावात एक शब्द वाढलाय: 'सिंडबिल्लेड-स्प्रोग', म्हणजे मनातलं चित्रांतून सांगणारी भाषा. सगळी गोम त्यातच. भाषा म्हटली की श्रद्धेशी भांडण उरत नाही. श्रद्धाळू आणि अश्रद्ध एका बाकावर बसून वाचू शकतात. सुरुवातीच्या कवितेतली ओळ इथे सगळ्यांना पाठ असते: स्वातंत्र्य थोरला, तसंच लोकीलाही. (थोर म्हणजे हातोडावाला देव, आपला 'थोर' नव्हे. लोकी हा देवांतला कळलाव्या.) ती नुसती घोषणा म्हणून फेकतात, ते मला पटत नाही. लिहिणारा तेव्हा स्वतःच सरकारी सेन्सॉरखाली होता. एका प्राध्यापकावर तुटून पडल्याबद्दल बदनामीचा खटला हरला, १८२६ पासून त्याचं लिखाण आधी तपासलं जाई, आणि ते बंधन सुटलं १८३७ मध्ये. त्यामुळे लोकीची बाजू घेणं त्याला फुकट नव्हतं.

आधी १८३२ ची प्रस्तावना वाचा, मग 'व्होलुस्पा' (एड्डातलं जगाच्या उत्पत्ती-प्रलयाचं कवन), मग १८०८ चं. छपाई गॉथिक आहे. त्यातला लांब 'एस' हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो, फक्त आडवी रेघ उजवीकडे जात नाही. नेटवर शोधताना हल्लीचं वर्तुळवालं 'ए' टाकू नका, काही सापडणार नाही. ते अक्षर १९४८ चं. त्याआधी दोन 'ए' लिहीत.

आईला नमस्कार.